दोन दिवसांसाठी नेलेलं जातं

नाव : तानबा गोविंदराव उमाटे. वय : सत्तावन्न. राहणार : सिंदी मेघे, वर्धा. पदनाम : संग्रह-सुलभता सहायक (पूर्वीचे पदनाम : शिपाई). कर्तव्ये : संग्रहालयातील वस्तू व सर्वसामान्य जनता यांच्यामधील अंतर कमी करणे. अर्हता : सातवी पास, ‘संग्रहालय आपल्या बोटांवर’ हे तीन दिवसांचे प्रशिक्षण पूर्ण. वर्तणूक : समाधानकारक. संग्रहातील कोणत्याही वस्तूशी व्यक्तिगत हितसंबंध : नाही.

या शेवटच्या ओळीखाली तानबाची सही आहे. सही करताना त्याचा हात थांबला होता. पेनातली शाई संपली असेल असं समजून दिपाली मॅडमनी त्याला दुसरं पेन दिलं.

हितसंबंध होता. तो तळमजल्यावर काचेच्या पेटीत होता आणि त्याचं वजन बत्तीस किलो होतं.

वस्तू क्रमांक २१४, दगडी जातं. पाटीवर लिहिलंय की बेचाळीसच्या आंदोलनात आष्टीकडच्या एका खेड्यातल्या बायांनी भूमिगतांच्या भाकरीसाठी यावर ज्वारी दळली. पाटी खरी आहे. जातं दुसरं आहे.

शहाण्णव साली कोणी बडे साहेब येणार म्हणून सगळ्या वस्तू धुऊन काढायचा हुकूम सुटला. जात्यात झुरळं होती. तानबानं वरची तळी उचलली, एक झुरळ मनगटावरून वर चढलं, आणि तळी फरशीवर पडून तिचे तीन तुकडे झाले. साहेब दुसऱ्या दिवशी साडेदहाला येणार होते. तानबा अजून नोकरीत कायम व्हायचा होता. तो सायकल हाणत घरी गेला आणि आईला म्हणाला, “माय, जातं दे. दोन दिवसासाठी.”

“काऊन? सरकारच्या घरी चक्की नाई?” आनंदाबाईंनी विचारलं.

“साहेबाले दाखवाचं हाय.”

“साहेबाच्या घरच्या बायकोले दाखव म्हणा.”

पण त्यांनी दिलं. ते जातं त्यांच्या माहेरचं, सेलूचं. लग्नात बैलगाडीत त्यांच्या शेजारी बसून आलेलं. सायकलच्या कॅरिअरवर दोन खेपांत ते संग्रहालयात पोचलं. साहेबांनी खुंट्याला हात लावला आणि अभिप्राय-वहीत लिहिलं, ‘इतिहास जिवंत वाटतो.’ वाटणारच. आदल्या दिवशीच त्यावर हरभऱ्याची डाळ भरडली होती.

फुटलेले तुकडे आणि जुनी खालची तळी तानबानं मागच्या नळाखाली ठेवली. त्यावर उभं राहून लोक पाय धूत.

दोन दिवसांची दोन वर्षं झाली, तानबा कायम झाला, आणि जातं परत न्यायचं तर त्या जागी ठेवायचं काय, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आनंदाबाईही रोजच्या दळणाला चक्कीवर जाऊ लागल्या होत्या. अडचण फक्त लग्नाची. उमाट्यांच्या घरी लग्नाची हळद त्याच जात्यावर दळायची. खुंट्याला हळकुंड-सुपारी बांधून पाच सवाशिणींनी हात लावायचा, आणि मग गाणी. त्याचीही सोय होती. संग्रहालय सोमवारी बंद, किल्ली तानबाकडे. रविवारी संध्याकाळी जातं घरी यायचं, मंगळवारी सकाळी शिपायासारखं वेळेवर हजर व्हायचं. भावाचं लग्न, दोन बहिणींची, पुतण्याचं. संग्रह लोकांच्या दारी नेण्याचं धोरण पुढे रंगीत पत्रकात छापून आलं. तानबानं ते पंचवीस वर्षं बिनछापील राबवलं होतं.

मग संग्रहालयाचं आधुनिकीकरण झालं.

काचेच्या पेट्या आल्या, त्यांना सेन्सर आले, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे आले. किल्ली गेली आणि आकड्यांचं कुलूप आलं, ज्याचे आकडे दिपाली मॅडमकडे. प्रत्येक वस्तूशेजारी काळा-पांढरा चौकोन चिकटला. त्यावर मोबाइल धरला की वस्तू आपली माहिती स्वतः सांगते. व्हीलचेअरसाठी मागच्या नळाच्या जागी रॅम्प झाला. ठेकेदारानं भरावात तिथलेच दगड घातले. बेचाळीसचं अस्सल जातं तेव्हापासून रॅम्पच्या पोटात आहे.

दिपाली मॅडम, नव्या संग्रहपाल, संग्रहालयाची विद्या रीतसर शिकून आलेल्या. कष्टाळू, आवाज न चढवणाऱ्या, तानबाला ‘काका’ म्हणणाऱ्या. त्यांच्यावर रागावताही येत नसे. त्यांनी जात्याचे एकशे ऐंशी बाजूंनी फोटो काढले. जातं फिरवून द्यायला तानबाच होता. दगडाला टाकी लावून पाडलेल्या खाचांत त्यांना काहीतरी पिवळं दिसलं.

“पुसून टाकू का, मॅडम?”

“काका, हात लावू नका! हा पुरावा आहे.”

अहवालात आलं : ‘पिवळसर सेंद्रिय अवशेष आढळले. जखमी भूमिगतांच्या उपचारासाठी हळद दळली जात असण्याची शक्यता. पुढील अभ्यास होईपर्यंत वस्तू हलवू नये.’ ती हळद तानबाच्या पुतण्याच्या लग्नातली होती.

आणि त्याच उन्हाळ्यात तानबाच्या मुलीचं, आकांक्षाचं, लग्न जमलं. आनंदाबाई आता चौऱ्याऐंशीच्या.

“जातं आण,” त्या म्हणाल्या.

“माय, आता नाई आणता येत. काचीत हाय ते.”

“कोनं टाकलं काचीत?”

“सरकारी काम हाय.”

“तू तं दोन दिवसासाठी नेलतं ना? मी मोजून नाई राह्यली, पन झाले असतीन दोन दिवस.”

आकांक्षा समजावायला गेली, “आजी, राहू दे ना. बाजारात मिळते हळद.”

“नवरदेवबी भेटते बाजारात? तो काऊन पाहून आणला मंग?” आनंदाबाई म्हणाल्या. “मी जिती हावो तवर पोरीच्या अंगाले माह्याच जात्याची हळद लागन.”

तानबानं सनदशीर मार्ग धरला. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ‘वस्तूपर्यंत पोहोचा’ असा अर्ज होता; तो भरून देण्यात तानबाचा हातखंडा. हा अर्ज त्यानं आकांक्षाच्या नावानं भरला. उद्देश या रकान्यात संशोधन, शिक्षण, छायाचित्रण एवढेच पर्याय. त्यानं शिक्षण निवडलं. अर्ज प्राथमिक छाननीसाठी संग्रह-सुलभता सहायकाकडे, म्हणजे त्याच्याचकडे आला. त्यानं तो दोनदा वाचला आणि शिफारस केली.

पुढे अर्ज दिपाली मॅडमकडे गेला. “काका, तुमच्या मुलीला इतका रस आहे! पण दोनशे चौदा हलवायची नाही ना. मी तिला लिंक देते. घरी बसून जातं फिरवता येतं, बोटानं.”

आनंदाबाईंनी नातीच्या मोबाइलवर जातं फिरवलं. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. मग मोबाइल उलटा धरून खाली हात धरला.

“पीठ कुठी पडते?”

तिथीला नऊ दिवस उरले तेव्हा तानबा सचिवांच्या, प्रभाकररावांच्या, खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. झुरळापासून पुतण्याच्या लग्नापर्यंत सगळं सांगितलं. अठ्ठावीस वर्षांत तो एका दमात इतकं कधी बोलला नव्हता. प्रभाकररावांनी चष्मा काढला.

“तानबा, तू हे मले सांगतलं नाई. न म्या आयकलं नाई.”

“पण सायेब, जातं आमचं हाय.”

“असन ना. पन ते आता वेबसाइटवर हाय. अहवाल दिल्लीले गेला. शाळेतले पोट्टे त्याच्यावर निबंध लिहून राह्यले. उद्या तू खरं जातं आणून ठेवलं, तरी लोकं म्हणतीन, हे खोटं हाय. हाय का खरं तुह्याजवळ?”

तानबानं खिडकीतून रॅम्पकडे पाहिलं.

“नाई,” तो म्हणाला.

“मंग? चोर तू, का मी, का ते मॅडम? सांग कोनाचं नाव लिहू.” प्रभाकररावांनी चष्मा परत घातला. “जाय. चहा सांगजो जाता जाता.”

त्यानं चहा सांगितला.

घरी आनंदाबाईंनी एवढंच ऐकून घेतलं की साहेब नाही म्हणतात. “तुह्यानं होत नाई,” त्या म्हणाल्या. “मले ने.”

दुसऱ्या दिवशी तो त्यांना ऑटोनं घेऊन आला. संग्रहालयाच्या नव्या व्हीलचेअरवर बसवून रॅम्पवरून आत नेलं. पेटीसमोर येताच त्या उठून उभ्या राहिल्या. काचेवर तळहात ठेवला. सेन्सर वाजू लागला आणि दिपाली मॅडम धावत आल्या.

“हे माह्यं जातं हाय,” आनंदाबाई त्यांना म्हणाल्या. “माह्या मायनं देल्लं. तो टवका दिसते ना कोरीचा, तो माह्या हातून उडाला. पह्यलं पोट्टं पोटात होतं तवा.”

दिपाली मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हातात मोबाइल.

“आजी, परत एकदा म्हणाल? इकडे बघून?”

आपलं म्हणणं ऐकणारं कोणी अखेर भेटलं, असं आनंदाबाईंना वाटलं. त्यांनी पदर नीट केला आणि दुसऱ्यांदा, मोठ्यानं सांगितलं. माहेरचं गाव सांगितलं, बैलगाडी सांगितली, टवका दाखवला. शेवटी म्हणाल्या, “आता देऊन टाका. घरी लगन हाय.”

“मॅडम,” तानबा म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज त्याला अनोळखी वाटला, “बुढी खरं बोलून राह्यली. ते जातं खरंच आमचं हाय.”

“हो काका,” दिपाली मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. “प्रत्येकाला असंच वाटायला पाहिजे. त्यासाठीच तर आपण हे सगळं केलं.”

कचेरीच्या दारात प्रभाकरराव उभे होते. ते तानबाकडे पाहत नव्हते. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. तानबानं आईचा हात काचेवरून सोडवला. काचेवर पाच बोटं उमटली होती. ती पुसणं त्याच्याच कामात मोडत होतं. त्यानं ती पुसली.

ऑटोत आनंदाबाईंनी विचारलं, “पोरगी चांगली हाय. देईन म्हणाली का?”

“पाहू, माय.”

संध्याकाळी चित्रफीत संग्रहालयाच्या पानावर आली. मथळा : ‘हे माझंच जातं! संग्रहालयात आजीला सापडली आपली परंपरा.’ शेवटचं देऊन टाका, घरी लगन हाय, हे वाक्य लांबीमुळे कापलं होतं. आठवड्याभरात चाळीस हजार लोकांनी ती पाहिली. खाली कोणी लिहिलं, डोळे पाणावले. कोणी विचारलं, असं जातं कुठे मिळेल.

वार्षिक अहवालात ‘समुदाय सहभाग’ या सदराखाली नोंद आहे : ‘वस्तू क्र. २१४ ही तिच्या मूळ वापरकर्त्या समाजापर्यंत पोहोचविण्यात संस्थेस पूर्ण यश आले असून, सदर कार्यात संग्रह-सुलभता सहायकाचे योगदान उल्लेखनीय आहे.’

आकांक्षाची हळद मिक्सरमध्ये वाटली.