तात्यांच्या वऱ्हाडाची वेगमर्यादा

माणसांना जिथे ताटकळत बसावे लागते तिथे कथा साचतात, असे मी लोकसाहित्याच्या वर्गात अनेक वर्षे शिकवले. धर्मशाळा आणि नदीवरची होडी ही माझी ठरलेली उदाहरणे. धाकटा भाऊ माधव मोटार वाहन निरीक्षक झाला आणि त्यांत तिसऱ्याची भर पडली : अवजड वाहनांच्या तपासणीची रांग. रविवारी सकाळी त्याचे सहकारी नौपाड्यात आमच्याकडे चहाला जमतात. एक किस्सा संपेपर्यंत दुसऱ्याला स्वतःचा आठवलेला असतो. मी वही उघडी ठेवतो.

*

ट्रक आणि बस ठरावीक वेगापुढे जाऊ नयेत म्हणून त्यांत एक यंत्र बसवावे लागते. शासन त्याला ‘वेगनियंत्रक’ म्हणते, चालक ‘गव्हर्नर’. शीळफाट्याच्या कोंडीत माधवला एक डंपर सापडला. यंत्राची वायर उपटलेली.

“ही का काढली?”

चालकाने समोरच्या रांगेकडे बोट दाखवले. “साहेब, इथे दुसरा गिअर पडला ना, तर मी पेढे वाटतो.”

माधवने कारवाई केली. मात्र त्यासाठी डंपर कडेला घ्यायलाच वीस मिनिटे लागली.

*

माधवच्या कार्यालयात नवा लिपिक आला. मराठीचा कडवा अभिमानी. त्याने ‘गव्हर्नर’साठी शब्दकोश उघडून एका बसमालकाला नोटीस धाडली : “आपल्या बसमध्ये राज्यपाल बसविलेले आढळले नाहीत. ते सात दिवसांत बसवून घ्यावेत.” शब्दभ्रमातून दैवते जन्मल्याची उदाहरणे आमच्या शास्त्रात आहेत, राज्यपाल जन्मल्याचे हे पहिलेच.

नोटीस मिळाली ती काशिनाथ तात्यांना. डोंबिवलीजवळच्या गावातले हे आगरी गृहस्थ आपल्या एकुलत्या बसचे मालकही आणि चालकही. मुलाचे लग्न पंधरा दिवसांवर आले होते, आणि त्याचे वऱ्हाड पेणला आपल्याच बसमधून, आपल्याच हाताने न्यायचे असा त्यांचा हट्ट होता. तपासणीत पास झाल्याशिवाय बस रस्त्यावर निघणार नव्हती.

नोटीस घेऊन ते माधवसमोर उभे राहिले. “साहेब, पैली सीट मोकली ठेवतो. पन त्यांना इचारून घ्या, पेणपर्यंत येतील का?”

*

आठवड्याने तात्या बस घेऊन आले. यंत्र कुठे दिसेना.

“घेतलंय ना साहेब.” त्यांनी सीटखालून खोके काढले. प्लास्टिकसुद्धा फाडलेले नव्हते.

“बसवलं का नाही?”

“नवी वस्तू हाय. लग्नाआधीच वापरून जुनी कशाला करायची?”

*

तिसऱ्या फेरीला यंत्र जागेवर होते, पण घरच्या बायकांनी त्याची यथासांग पूजा केली होती. सीलचा क्रमांक हळदीखाली गडप. माधवने रुमाल काढताच तात्या आडवे आले.

“पुसू नका साहेब. हलद लागलीय त्याला.”

माधवही माझाच भाऊ. चालीरीती त्यालाही ठाऊक. तो शांतपणे म्हणाला, “हळद लागलेल्याला घराबाहेर पडू देत नाहीत, तात्या. बस घरी घेऊन जा. वऱ्हाड रिक्षाने न्या.”

तात्यांनी स्वतःच्या उपरण्याने क्रमांक पुसून दिला. बस पास झाली.

*

लग्न नेमके रविवारी होते. आमच्याकडे चहाचा दुसरा फेरा चालू असताना माधवचा फोन वाजला. त्याने स्पीकर लावला. नवरदेवाचे मामा बसमधून तावातावाने बोलत होते, आणि त्यांच्यामागे सगळे वऱ्हाड.

“साहेब, तुमच्या त्या डब्यानं घात केला. मुहूर्ताला अर्धा तास उरलाय न् गाडी पलत नाय. तात्या गप बसलाय. काय वायर-बियर उपटायची ती सांगा, मी उपटतो.”

आमच्या खोलीत कुणी कप खाली ठेवेना. माधवने विचारले, “यंत्र ऐंशीला अडवतं. आत्ता काटा कितीवर आहे?”

थोडी खुडबुड झाली.

“तीसवर.”

“मग त्यात गव्हर्नरचा काय संबंध? तात्यांना विचारा, दाबत का नाहीत.”

मामांनी विचारले असावे, कारण स्टिअरिंगवरून तात्यांचा आवाज आला. संथ, जरासा वैतागलेला.

“साहेबांना सांग, पुढं स्कूटरवर भटजी हायेत. त्यांच्या आधी पोचून काय करू?”