कोबीला साबण

पृष्ठताण हा शब्द कुठे ऐकला की माझी बायको मंदा अजूनही तोंडाला पदर लावते. लावणारच! या एका शब्दापायी मी, चांगला धडधाकट माणूस, सरकारी दवाखान्यात आडवा झालो होतो. हसू नका, आधी पूर्ण ऐका.

मंगरूळपीरच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं भाजीचं वावर, आणि वावरातच घर. त्या हंगामात पत्ताकोबी लावली होती. शेजारच्या वावरातले रशीदभाई, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं. त्यांनी आधीच बजावलं होतं, "भाऊ, दावतीले कोबी तुमचीच पाह्यजे बरं का!" आणि नेमक्या तेव्हाच कोबीवर अळ्या पडल्या.

मी निंबोळी अर्क फवारायला घेतला. पण कोबीचं पान पडलं मेणचट. फवारा पडला की त्याचे गोल गोल थेंब व्हायचे आणि घरंगळून सरळ मातीत! माती न्हाऊन निघाली, अळ्या कोरड्याच.

मोबाइलवरच्या एका व्हिडिओत कारण सापडलं. पाण्याचे कण म्हणे एकमेकांना धरून असतात. आतल्या कणाला चहूबाजूंनी ओढ. वरच्याला मात्र वरून ओढणारं कोणीच नाही. म्हणून तो आत खेचला जातो आणि पाण्याचा वरचा थर कातड्यासारखा ताणलेला राहतो. हाच पृष्ठताण. त्याच्यामुळेच थेंब गोल. साबण मध्ये शिरला की ही पकड सैल होते आणि पाणी पानावर पसरतं.

किती सोपं! व्हिडिओवाला "अगदी थोडासा" म्हणाला होता. पण थोड्याने पसरतं, तर जास्तीने किती पसरेल? स्वयंपाकघरात कोणी नाही असं पाहून मी भांड्याच्या लिक्विडची बाटली उचलली आणि अख्खी फवारणीच्या पंपात रिकामी केली. वरून कपड्यांची पावडर.

आणि काय सांगू, जमलं! पानं कशी चोपडल्यासारखी ओली झाली. मी खूश होऊन जोरजोरात दांडा मारू लागलो. पंप पाठीवर, आत घुसळण चाललेली. थोड्या वेळाने मानेला काहीतरी गार लागलं. पंप उतरवून वाकलो, झाकण फिरवलं, तर भस्सकन फेस तोंडावर! डोळ्यांत गेला. "अरे बाप रे" म्हणायला तोंड उघडलं, तर तिथेही गेला. आंधळ्यासारखा धडपडत बांधावर आपटलो आणि थुंकत बसलो.

तेवढ्यात रशीदभाईंनी पाहिलं. बाजूला फवारणीचा पंप, आणि तोंडाला फेस. त्यांनी काय समजायचं?

"या अल्लाह! मंदाताई, पळा! भाऊले फवारणीचं औषध चढलं!"

मंदा घरातून धावत आली. मी सांगायला गेलो, "साबण, साबण!" पण तोंडातून बुडबुड्यांसकट "हाबं, हाबं" एवढंच निघालं.

"अवो माय! यायची जीभ जड झाली!" तिने टाहो फोडला.

"भाऊ, घाबरू नोका, मी हाव ना!" म्हणत रशीदभाईंनी मला काखेत धरून उचललं. मी सटकलो. पुन्हा धरलं, पुन्हा सटकलो. शेवटी पाय धरून आपल्या टेम्पोत घातलं. खरं सांगतो, मंदाचं रडणं ऐकून मलाही वाटायला लागलं, गेलो आपण!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, डोळे धुतले, तोंड धुवायला लावलं. मग वाकून वास घेतला.

"हा लिंबाचा वास कशाचा?"

"भांड्याच्या लिक्विडचा," मी म्हणालो. जीभ एकदाची सुटली होती. मग काय, पृष्ठताणापासून सगळं सांगितलं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या, पण खांदे हलत होते.

रशीदभाई डोक्याला हात लावून म्हणाले, "भाऊ, मले कोबी पाह्यजे होती. धुणं नाई सांगतलं होतं!"

मंदाने डोळे पुसले आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. ती नजर तिच्या रडण्यापेक्षा जास्त भीतिदायक होती.

"काही झालेलं नाही यांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरी जाऊन स्वच्छ आंघोळ करू द्या."

"नुसत्या पाण्यानंच करा म्हना, बाई," मंदा म्हणाली. "साबण तर यायनं सगळा कोबीले लावला."