पळसावर चढलेली वेल

काकांशी मी चार महिने रोज खोटं बोलले आणि बोलताना मला काहीही वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगायचं ठरवलं तर मी स्वतःची बाजू मांडत बसेन, आणि ते मला फार चांगलं जमतं. तीस वर्षं विमा कार्यालयात लोकांचे दावे तपासले आहेत. कारणं कशी रचतात ते मला पाठ आहे.

काका म्हणजे आमच्या सोसायटीतले, तळमजल्यावरचे. वय अठ्ठ्याहत्तर, एकटे, जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सोसायटी टेकडीच्या अगदी पायथ्याशी आहे. मागच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे लगेच चढ सुरू होतो. त्या चढावर, दुसऱ्या वळणाशी, काकांनी एक पळस लावला होता. रोज सकाळी पाच लिटरचा कॅन घेऊन ते वर जायचे. अशी कॅनवाली माणसं पुण्याच्या प्रत्येक टेकडीवर दिसतात, पण बहुतेकांची झाडं दहा-वीस असतात. काकांचं एकच. सात वर्षांत ते माझ्या खांद्याला लागलं होतं. "इतकं हळू वाढणारं झाड कशाला लावायचं?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "घाई असलेल्यांनी कुंडीत कोथिंबीर लावावी."

जूनमध्ये त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी ते जिना चढून माझ्याकडे आले आणि कॅन दारात ठेवला. "ताई, तुम्ही रोज टेकडीवर फिरायला जाता. पाऊस धरेपर्यंत पाणी घाला, मग नुसतं बघून यायचं. खालच्या अंगाने कसलीशी वेल वर येतेय. ती पळसाला लागली तर काढून टाकायची. जमेल?"

"न जमायला काय झालं?" मी म्हणाले.

आठ दिवस मी रोज कॅन घेऊन वर गेले. मग पाऊस लागला, पायवाटेवर चिखल झाला, एकदा घसरले, आणि मी फिरणं खालच्या डांबरी रस्त्यावर आणलं. पावसाळ्यात झाडाला काय होणार आहे, असं वाटलं. खरं म्हणजे फारसं काही वाटलंच नाही.

संध्याकाळी काका बाल्कनीत पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून बसलेले असायचे. मी गेटातून आत आले की हाक यायची, "काय म्हणतोय आमचा पळस?"

"मस्त आहे."

पहिल्या दिवशी एवढंच. पण रोज 'मस्त' तरी किती वेळा म्हणायचं? मग मी भर घालायला लागले. नवी पानं आली. शेंड्याला एक फांदी फुटली. आता टेकू नको वाटतं त्याला. काकांचा चेहरा असा काही खुलायचा की मला पुण्य केल्यासारखं वाटायचं. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येत असे. ती गुडघा वाकवायला लागली की काकांचा कळवळून ओरडल्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. पाठोपाठ त्यांचंच बोलणं, "वाकव गं. दसऱ्याला मला वर जायचंय."

आता वेलीचं सांगते. माझ्या गच्चीत आइसक्रीम क्रीपर होती, गुलाबी फुलांच्या माळा लोंबतात ती. सहा वर्षांपूर्वी आणली तेव्हा नर्सरीवाला म्हणाला होता, "मॅडम, हिला काही करावं लागत नाही." ते त्याचं अक्षरशः खरं निघालं. दुसऱ्या वर्षी तिने माझी जाळी भरली, तिसऱ्या वर्षी वरच्या मजल्यावरच्यांची. लोक खाली थांबून फोटो काढायचे आणि मी वरून, लक्ष नसल्यासारखं दाखवत, ते बघत असायचे. वर्षातून दोनदा तिची छाटणी करावी लागे. कचरा नेणाऱ्या बाई स्पष्ट म्हणाल्या, "ओल्या कचऱ्यात फांद्या नाही घेणार, मॅडम." मग मी ते भारे मागच्या भिंतीवरून पलीकडे टाकायचे, फुलं, बिया, सगळ्यासकट. टेकडीला खत होईल म्हणायचे. वर स्वतःला पर्यावरणप्रेमीही समजायचे.

दसरा चार दिवसांवर आला तेव्हा मी पाऊस लागल्यानंतर पहिल्यांदा वर गेले. काका येण्याआधी एकदा नजर टाकावी, एवढाच हिशेब. दुसऱ्या वळणाशी पोचले तर पळस दिसेना. वळण चुकलं असेल म्हणून पुढे गेले, परत आले. वळण तेच होतं. भिंतीपासून तिथपर्यंत सगळा उतार गुलाबी झाला होता. गवत नाही, दगड नाहीत, फक्त फुलं आणि त्यांच्यावर घोंघावणाऱ्या माश्या. दोन मुली सेल्फी काढत होत्या. एकीने मला विचारलं, "काकू, किती ब्यूटिफुल आहे ना? हे कोणी प्लांट केलंय?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

मुली गेल्यावर मी हात घालून चाचपत पळस शोधला. तो आत होता, कमानीसारखा वाकलेला. पानं गळून गेली होती, उरली होती ती काळी पडली होती.

मग सलग तीन सकाळी मी कोयता घेऊन वर जात होते. वेल ओढली की सोबत पळसाची डहाळी मोडून यायची. कापली तर दुसरीकडून तीच निघायची. खणलं की रताळ्यासारखे कंद हाती लागायचे, एकाला एक जोडलेले. घरी येऊन हात धुताना मला भीती वाटायची. झाडाची भीती नव्हती. काका काय म्हणतील याची होती.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ऊन चढायला लागलं आणि माझा धीर सुटला. बुडाशी वेलीचे चार-पाच जाड पीळ एकमेकांत गुंतले होते. ते मुळापासून तोडले की सगळं एकदम मोकळं होईल असं वाटलं. डाव्या हाताने पीळ धरले आणि कोयत्याचे दोन घाव घातले. सगळं खरोखरच मोकळं झालं. पण कापल्या जागी लाल चीक सुटला. वेलीला लाल चीक नसतो, पळसाला असतो. त्या पिळांच्या मधोमध त्याचं खोड होतं.

किती वेळ तिथे बसले माहीत नाही. उठले तेव्हा डोक्यात कारण तयार होतं. कोणीतरी सरपणासाठी तोडला, काका. काल होता, आज नाही. दावा अगदी बिनतोड होता. ऑफिसात माझ्या टेबलावर आला असता तर मीही मंजूर केला असता.

संध्याकाळी हाक आली, "काय म्हणतोय?"

"उद्या बघालच की," मी म्हणाले आणि थांबले नाही.

दसऱ्याच्या सकाळी काका नवे बूट घालून, काठी घेऊन गेटाशी उभे होते. इस्त्रीचा शर्ट. आम्ही निघालो. एक पायरीएवढा चढ, मग श्वास, मग पुढचा. मी मागे चालत होते आणि मनात म्हणत होते, यांचा गुडघा दुखू दे. दुखू दे आणि इथूनच हे परत फिरू देत. त्यांच्या वेदनेसाठी मी नवस बोलायचाच काय तो बाकी होता. आजही ते आठवलं की मला माझी किळस येते.

पहिलं वळण गेलं. तिथे ते दम खायला थांबले आणि मागे वळून हसले. तेवढं मला सहन झालं नाही.

"काका, पळस मी तोडला," मी म्हणाले. मग न थांबता सगळं सांगितलं, वेल, भारे, कोयता.

ते वळले. पुढे चालत राहिले. दुसऱ्या वळणाशी दगडावर बसले, काठी बाजूला ठेवली आणि खुंटावरून बोट फिरवलं. म्हणाले, "पळस आहे. बुडातून फुटतो. तुम्हाला आणि तुमच्या वेलीला पुरून उरेल."

मला हुंदका आणि हसू एकदमच आलं. वाटलं, सुटले.

"वेल तुमची आहे हे मला दोन वर्षं माहीत होतं," ते म्हणाले. "म्हणून तर कॅन तुमच्याकडे दिला. तोंडावर कशाला बोलायचं? वर जाल, बघाल, आपणहून काढाल, असं वाटलं. किती वेळा आलात वर?"

"पाऊस लागल्यापासून या आठवड्यापर्यंत एकदाही नाही."

"मग ती नवी पानं?"

"ती मी रचली."

"मी त्या पानांच्या भरवशावर गुडघा वाकवला हो, ताई," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. उतरताना मी हात पुढे केला तो त्यांनी धरला नाही.

त्याच आठवड्यात मी गच्चीतली वेल मुळासकट काढली. उतारावरचे कंद थंडीभर खणत राहिले, अजून खणतेय. एक तुकडा जरी राहिला तरी पुन्हा फुटतो. काका गेटाशी भेटले की नमस्कार करतात, हवापाण्याचं बोलतात. पळसाचं विचारत नाहीत.

होळीच्या सुमाराला एका सकाळी खुंटाच्या बुडाशी दोन कोंब दिसले, तपकिरी, मऊ लव असलेले, पानं अजून मिटलेली. मी जवळजवळ धावतच खाली आले. काका बाल्कनीत पेपर वाचत होते.

"काका, फुटला! दोन कोंब आलेत!"

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. मी चार महिने ज्या सुरात बोलत होते तोच सूर होता माझा, दुसरा आणणार तरी कुठून?

"असं?" ते म्हणाले. पेपरची घडी केली, आत जाऊन बूट घातले, काठी घेतली.

"चला, मी पण येते."

"नको," ते म्हणाले. "मी बघून येतो."