आजोबांनी टाकलेलं काम

नागपूर सोडलं त्या सकाळी बाबांनी माझा शर्ट स्वतः इस्त्री केला होता. टॅक्सी दारात उभी, आई डोळे पुसत शेंगदाण्याची चटणी बॅगेच्या कोपऱ्यात खुपसतेय, गल्लीतले सगळे जमलेले, आणि बाबांचं लक्ष एकाच गोष्टीकडे. "शर्ट इन कर," ते म्हणाले. "विलायतेला चाललास. लोक आधी कपडे पाहतात, मग तोंड." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी आपलं ठेवणीतलं वाक्य म्हटलं, "एक पायरी तर एक पायरी, पण वरच." दोन हजार तीन साल होतं आणि मी तिशीला टेकलो होतो.

तुमच्यापैकी जे त्या गल्लीत अजून राहतात त्यांना बाबा आठवत असतील. पाटबंधारे खात्यातले क्लार्क, रिटायर झाल्यावरही सकाळी बूट घालून ओसरीवर बसणारे. आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले, कुणी लेस्टरला, कुणी बर्मिंगहॅमला, त्यांच्याही घरी असा एखादा बाप असणारच. म्हणून हे दोघांनाही लिहितोय.

आमच्या घराच्या पायऱ्या आजोबांपासून सुरू होतात. गावात कुणाचं जनावर मेलं की आमच्या दारात हाक यायची. ते ओढून न्यायचं काम आमचं. जमेल का, असं कुणी विचारायचं नाही. एके दिवशी आजोबांनी सांगितलं, आजपासून नाही. गावानं त्यांचं दाणापाणी तोडलं, जगणं नकोसं केलं. शेवटी बायकोपोरांना घेऊन ते नागपूरला आले आणि हमाली करून जगले. बाबा शिकले, सरकारी खुर्चीवर बसले. मी बी.एस्सी. झालो. पुढची पायरी माझी होती.

खरं सांगायचं तर विलायतेला गेली ती वैशाली, माझी बायको. ती नर्स. त्या वर्षांत तिकडच्या हॉस्पिटलांना नर्सेस हव्या होत्या. ती पुढे गेली आणि मी तिच्यामागून डिपेंडंट म्हणून कार्डिफला पोचलो. हा तपशील बाबांनी गल्लीत कधी सांगितला नाही.

माझी डिग्री आणि औषधाच्या दुकानातला अनुभव यांचं काय करायचं ते कार्डिफमध्ये कुणाला कळेना. एजन्सीचे उंबरठे झिजवून झाले. मग एका हॉस्पिटलात पोर्टरची जागा निघाली. पोर्टर म्हणजे पेशंटला ट्रॉलीवरून वॉर्डातून एक्स-रेला आणि तिथून ऑपरेशन थिएटरला नेणारा माणूस. आणि पेशंट गेला तर त्याला तळमजल्यावर शवागारात नेणारा. "तात्पुरतं आहे," मी वैशालीला म्हणालो. तीही म्हणाली, "हो, तात्पुरतंच." पुढची काही वर्षं आमच्या घरात हा शब्द मिठासारखा वापरला गेला.

पहिल्यांदा शवागारात जायची वेळ आली तेव्हा सोबत गॅरेथ हा जुना पोर्टर होता. साठीकडे झुकलेला, खाणकामगाराचा मुलगा, आडव्या हाडाचा. या कामाला तिथं वेगळी ट्रॉली असते. वरून चादर अशी ताणतात की भेटायला आलेल्यांना ती रिकामीच वाटावी. लिफ्टच्या तोंडाशी गॅरेथ थांबला आणि चादरीखालच्या म्हातारीला म्हणाला, "जरा धक्का बसेल हं, माय लव्हली." मला वाटलं चेष्टा करतोय. पण तो प्रत्येकाशी असंच बोलायचा. वळण आलं, गार वारं आलं, की सांगायचा. शवागाराचं दार लागेपर्यंत माणूस पेशंटच, असं त्याचं म्हणणं. हळूहळू मीही बोलायला लागलो, पण माझ्या तोंडून मराठीच यायचं. "मावशी, आता वळतोय हं." गॅरेथ म्हणायचा, तुझी भाषा त्यांना पटत असावी, अजून कुणी कम्प्लेन केलेली नाही.

बाबांना मी फोनवर सगळं सांगून टाकलं. लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. पेशंट नेतो म्हटलं तेव्हा ते "बरं" म्हणाले. मेलेली माणसंही नेतो म्हटलं, तेव्हा लाइन कटली असं समजून मी हॅलो हॅलो करत राहिलो. मग आईचा आवाज आला, "तिकडं थंडी कशी आहे रे?" त्यानंतर रविवारच्या फोनवर बाबा माझ्याशी हवामान बोलायचे, वैशालीची नोकरी बोलायचे, माझ्या कामाचा विषय मात्र काढायचे नाहीत.

तिकडच्या मराठी मंडळातही निराळं काही नव्हतं. दिवाळीच्या फराळाला कुणीतरी हमखास विचारायचं, "आपण कशात?" सगळे आयटीत नाहीतर डॉक्टर. पोर्टर आहे म्हटलं की समोरचा चिवड्याकडे बघत म्हणायचा, "अच्छा, टेम्पररी ना?" त्याची अडचण पाहून मलाच दया यायची आणि मी हो म्हणायचो.

मग सुपरवायझरची जागा निघाली. टेबल, खुर्ची, हातात ड्यूट्यांचा रोटा. आमच्या मॅनेजरनं मला बोलावून सांगितलं की तू अप्लाय कर, तुलाच मिळेल. मी केलं नाही. वैशाली त्या दिवशी खूप चिडली. "अहो, तुम्हाला भूकच नाही," ती म्हणाली. "मी नाइट्स करते, परीक्षा देते, आणि तुम्ही ट्रॉली ढकलण्यात सुखी. उद्या मुलं झाली तर त्यांना काय सांगू?" माणसाला महत्त्वाकांक्षा नाही हे त्याचं त्याला कळावं कसं? ती नसली म्हणून कुठं दुखत तर नाही. मला एवढंच माहीत होतं की घाबरलेल्या माणसाला थिएटरच्या दारापर्यंत नेताना त्याच्याशी बोलावं, आणि जे बोलण्यापलीकडे गेले त्यांना एकटं सोडू नये, हे मला आवडत होतं. हे आळशी माणसाचं समर्थन असेलही. वैशालीला तसंच वाटायचं, आणि ती काही मूर्ख बाई नाही.

तीन वर्षांनी एप्रिलमध्ये, जयंतीच्या दिवसांत, मी सुट्टी घेऊन एकटाच घरी गेलो. गल्लीच्या तोंडाशीच माझ्या फोटोचा फ्लेक्स लागलेला. निळ्या पार्श्वभूमीवर मी, टाय घातलेला, आणि नावाआधी 'डॉ.' खाली 'विहार समितीतर्फे जाहीर सत्कार'. समितीच्या पोरांचं काय चुकलं? हॉस्पिटलात आहे, इंग्लंडला आहे, म्हणजे डॉक्टरच. मी आईला विचारलं, बाबांनी पाहिला का हा? आई म्हणाली, "छापायच्या आधी पोरं दाखवाले आले होते. खूप वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, फोटो जरा मोठा करा."

संध्याकाळी विहारासमोर मांडव. त्रिशरण-पंचशील झालं, भाषणं झाली. माझ्या अंगावर शाल पडली आणि माइक हातात आला. पहिल्या रांगेत बाबा, पांढरा शर्ट, गुडघ्यावर घडी केलेला रुमाल. दोन वाक्यांत आभार मानून खाली बसता आलं असतं. पण समोर दहावी-बारावीची मुलं बसली होती आणि पुढची वर्षानुवर्षं ती मला डॉक्टर म्हणून आयांच्या तोंडून ऐकणार होती. मी म्हणालो, "मी डॉक्टर नाही. मी पोर्टर आहे. आजाऱ्यांना नेतो-आणतो, आणि मेलेल्या माणसांना शवागारात नेतो. मला ह्या कामाची लाज वाटत नाही." मग मागून कुणीतरी सवयीनं टाळी वाजवली आणि तिच्यामागून बाकीच्या वाजल्या. बाबा उठून घरी गेले होते.

मी घरी आलो तेव्हा ते ओसरीवर बसले होते, बूट न काढता. मला बघून म्हणाले, "माझ्या बापानं जे टाकलं ते तू इंग्लंडात जाऊन उचललंस."

हे वाक्य कधीतरी येणार हे मला ठाऊक होतं आणि उत्तरही तयार होतं. मी म्हणालो, "बाबा, आजोबांच्या गळ्यात ते बांधलेलं होतं. मी ते निवडलंय. उद्या सोडलं तर मला कुणी जाब विचारणार नाही. आजोबा त्याच्यासाठीच भांडले ना?"

बाबांनी मान हलवली. "तुला फरक माहीत आहे. लोकांना दिसतं ते एवढंच, की ह्यांचा पोरगा पुन्हा मढी ओढतो." मी जाईपर्यंत ते माझ्याशी हवामानाचंही बोलले नाहीत. फ्लेक्स मात्र त्यांनी कुणाला काढू दिला नाही. पावसानं फाटेपर्यंत तो तिथंच होता, असं आई सांगायची.

आणखी तीन वर्षांनी, जानेवारीत, काकांचा फोन आला. बाबा गेले होते, हार्ट अटॅक. मी पोचेपर्यंत त्यांना एका दवाखान्याच्या शवागारात ठेवलं होतं. विमानतळावरून मी आणि काका थेट तिथं गेलो. दारात एक माणूस उभा होता, माझ्याच वयाचा, शर्टाची वरची बटणं उघडी, तोंडाला दारूचा वास. काका हळूच म्हणाले, "आपल्यातलाच आहे." आणि ते बाहेरच थांबले.

मी आत शिरलो तसा तो माणूस आडवा आला. "साहेब, तुमी बाहेर थांबा ना जी. हे तुमचं काम नाही."

बाबा तिथं लोखंडी पाटावर होते. त्यांना आयुष्यभर माझ्यासाठी जो 'साहेब' शब्द ऐकायचा होता तो कुणीतरी त्यांच्या उशाशी उभं राहून मला म्हणत होतं. मला रडू आलं ते तेव्हा, बाबांचा चेहरा बघून नव्हे.

"मीपण हेच काम करतो," मी म्हणालो. "तिकडं, इंग्लंडला."

"आज तरी मजाक नका करू साहेब."

मी वाद घातला नाही. चादरीची एक बाजू मी धरली, दुसरी त्यानं, आणि बाबांना आम्ही दोघांनी स्ट्रेचरवर घेतलं. मग तो थांबला आणि माझ्याकडे नीट बघू लागला. "खरंच करता?"

"खरंच."

"जबरदस्ती आहे काय?"

"नाही. मीच निवडलं."

"अन् सोडतो म्हटलं तर?"

"उद्यासुद्धा सोडता येईल."

त्याचा चेहरा बदलला. राग म्हणावा तर राग नव्हता. "माह्या बापानं हेच केलं," तो म्हणाला. "मी हेच करून रायलो. पोराले दुसरं काही मिळालं नाही तर तोही हेच करन. मले सोडता आलं असतं ना साहेब, तर एक दिवस थांबलो नसतो. तुमी काहून थांबले?"

ओसरीवर बाबांना दिलेलं उत्तर मला तोंडपाठ होतं. त्या माणसासमोर ते माझ्या तोंडून फुटलं नाही. बाहेरून काका हाका मारत होते, गाडी आली होती.

मी अजून कार्डिफलाच आहे, अजून पोर्टरच. वैशाली वॉर्डची सिस्टर, म्हणजे मुख्य नर्स झाली आणि आता माझ्यावर चिडत नाही, ते मला जास्त लागतं. काम मला आजही आवडतं. इथं कुणी मला काहून म्हणून विचारत नाही, सोडणं न सोडणं ही माझी मर्जी, आणि अशा ठिकाणी माणूस सुखानं राहू शकतो. पण त्याला घर म्हणवत नाही. नागपूरचं घर विकून आई काकांकडे राहायला गेली, त्या गल्लीत आता माझं कुणी नाही. तरी घर म्हटलं की मला तो शवागाराचा दरवाजा आठवतो, आणि त्यात उभा राहून मला साहेब म्हणणारा तो माणूस. त्याचा पोरगा एव्हाना कामाला लागला असेल.