वाक्य जुळेपर्यंत

आमच्या कॉलेजच्या सरावखोलीत खाटेवर एक पुतळा असतो. श्वास घेतो, नाडी लागते, चुकीचं औषध गेलं तर डोळे मिटतो. डॉक्टरकी, नर्सिंग, फार्मसी अशी तिन्हीकडची पोरं त्याच्याभोवती उभी करायची आणि एकमेकांना टोकायला शिकवायचं, हे माझं काम. नियम एकच. चूक दिसली, तर समोर कोणी का असेना, ‘थांबा’ म्हणायचं.

त्या दिवशी मोठा डॉक्टर मी झालो होतो. पेशंटला पेनिसिलिन चालत नाही हे आधी सांगून झालं होतं, आणि मी मुद्दाम तेच मागितलं. वरवट बकालची एक नर्सिंगची मुलगी तेवढी बोलली, "थांबा सर. हे याले देऊ नका, याले चालत नाही."

मला हेच तर हवं होतं. पण ‘याले’ ऐकून डॉक्टरकीची पोरं हसली, आणि मीही हसलो. वर म्हणालो, "बरोबर आहे बाई, पण जरा शुद्ध बोला. पेशंट घाबरायचा." खोली पुन्हा हसली. तीही हसली, मान खाली घालून.

मी स्वतः जळगाव जामोदचा, तिच्याच भागातला. पुण्यात शिकताना माझ्या ‘मले-तुले’ला होस्टेल हसायचं; वर्षभरात ती बोली मी घासून काढली. तरी हसलो. कदाचित म्हणूनच हसलो असेन.

पुढच्या सरावात इन्सुलिन होतं. डॉक्टर झालेल्या मुलाला मीच सांगून ठेवलं होतं, चारच्या जागी चाळीस युनिट म्हण. सिरिंज तिच्या हातात. ती थबकली, माझ्याकडे पाहिलं, ओठ हलले. मग तिनं चाळीस भरले आणि टोचले. पडद्यावर साखर उतरत गेली. पुतळ्यानं डोळे मिटले.

नंतर सगळ्यांना बसवून मी तिला विचारलं, चूक दिसली नव्हती का?

"दिसली होती, सर."

"मग?"

"वाक्य जुळवत होते." एकेक शब्द शुद्ध होता.

चूक माझी होती, हे तिथंच, सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं. मी संवादकौशल्यावर बोलत राहिलो. मग पुतळा पुन्हा चालू केला, त्यानं डोळे उघडले.

ती आता नांदुऱ्याला एका दवाखान्यात आहे. तिचा नंबर माझ्याकडे आहे, लावलेला नाही. तिथं खाटांवर माणसं असतात.