दीडपट दिवस

माझे मिस्टर परदेशात हेलिकॉप्टरचे इंजिनिअर. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेणारी हेलिकॉप्टर ते तपासतात. लोकांना वाटतं, आमच्या घरी डॉलर मोजायला माणूस ठेवलाय. पण त्या पगाराचं गणित माझ्या सासऱ्यांना, मामाजींना, कधीच पटलं नाही. त्यांची अख्खी नोकरी सरकारी. जुलैत इन्क्रिमेंट लागलं की विषय संपला. ह्यांच्या नोकरीत मात्र किती प्रकारच्या हेलिकॉप्टरवर सही करायचा परवाना आहे, त्यावर दर. पासपोर्ट कुठला, त्यावरही दर. आणि तो रोजाचा. तिकडे असले तर पैसे, नागपुरात घरी असले तर शून्य.

"म्हणजे रोजंदारीच झाली नं गा," मामाजी मुलाला चिडवायचे.

एका जागेवर दोन माणसं. सहा आठवडे एक, सहा आठवडे दुसरा; आणि दुसरा हजर झाल्याशिवाय पहिल्याला हलता येत नाही. ह्यांचा जोडीदार पोर्तुगालचा, वयस्कर. काम तेच, दर जवळजवळ दुप्पट. मला त्याचा राग यायचा, आणि तो उशिरा आला की तोच आवडायचा, कारण त्याच्यामुळे थांबावं लागलेल्या दिवसांचा पगार दीडपट. वरच्या मजल्याची फरशी त्याच्याच कृपेने बसली, असं आम्ही हसत सांगायचो.

गेल्या हिवाळ्यात मामाजींच्या हृदयाने दगा दिला. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. ह्यांची पाळी तशीही संपत आली होती, बॅग भरलेली होती. पण ह्यांनी वडिलांचं कळवूनही जोडीदार आला नाही. घरी अडचण आहे, थोडे दिवस सांभाळ, एवढाच त्याचा निरोप. त्या तळावर सही करणारं तिसरं कोणी नव्हतं. कंपनी म्हणे शोधतेय.

मामाजी सारखे दाराकडे बघायचे.

"काहून वं, निघाला का तो?"

"निघून राहिले, मामाजी."

"धावपळ नको करू म्हणा त्याले. पण ये म्हणा."

मी तापट बाई आहे. दुप्पट पगार घेतो आणि वेळेवर येत नाही मेला, असं त्या जोडीदाराला दिवसभर मनात शिव्या घालत होते. व्हिडिओ कॉलवर मुलगा दिसला की मामाजी त्याच्या गालावरून हात फिरवायला जायचे. बोट पडद्याला लागून कॉल कट व्हायचा. मग मी पुन्हा लावून द्यायची.

एका पहाटे ते गेले. कंपनीला माणूस मिळाला तो त्यानंतर. धाकट्या दिरांनी अग्नी दिला. हे पोहोचले तेव्हा घरात फोटो आणि दिवा एवढंच उरलं होतं. हे रडले नाहीत, फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांना चहा विचारत राहिले. महिनाअखेरीला पगार जमा झाला, ते दिवस नियमाप्रमाणे दीडपट धरून.

पुढे एका दुपारी त्या जोडीदाराचा फोन आला. तो कामावर परतला होता. ह्यांच्या इंग्रजी बोलण्यावरून मला कळलं की त्याची बायको वारली. तो तिच्याजवळ थांबला होता. मग त्याने काहीतरी विचारलं. हे म्हणाले, "हो, वडिलांची भेट झाली. छान बोलले माझ्याशी. तू मनाला लावून घेऊ नकोस."

फोन ठेवल्याबरोबर मी भडकले. "काहून खोटं बोलले तुम्ही? समजू द्या नं त्याले!"

"त्याची बायको त्याले रोज म्हणत होती वं, तू जा, त्या पोराचा बाप वाट पाहत असंल. तरी याचा पाय निघाला नाही. आता काय सांगू मी त्याले?"

एवढं बोलून हे मामाजींच्या पलंगावर बसले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ओक्साबोक्शी रडले. मीही रडले, मामाजींसाठी आणि तितकीच त्या बाईसाठी, जिचा चेहराही मी कधी पाहिला नव्हता.