सादिकभाईंचा अंगठा

नंदिनी मोहितेचं काम म्हणजे राखणदारी. महाप्यातल्या एका कंपनीत बसून ती दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळायची. कुठल्या सर्व्हरची जागा भरत आली, कुठला तापला, कुठला बंद पडला, हे सॉफ्टवेअरला आपोआप कळायचं आणि ते अलर्ट पाठवायचं. तो अलर्ट आधी कुणाच्या मोबाइलवर जाईल आणि मग कुणाच्या, हे नंदिनीने ठरवायचं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एक नाव चुकलं की बोंब होते, आणि सगळं सुरळीत चाललं की मॅडम दिवसभर करतात तरी काय, असा प्रश्न लोकांना पडतो.

एका पॅथॉलॉजी लॅबच्या सर्व्हरसाठी यादीत पहिलं नाव सादिक मुकादम यांचं होतं, दुसरं तिचं. अलर्ट आधी सादिकभाईंना जायचा. त्यांनी मेसेजमधलं हिरवं बटण दाबलं की माणूस कामाला लागला असं धरून सॉफ्टवेअर पुढे कुणाला त्रास देत नसे. दहा मिनिटांत बटण दाबलं गेलं नाही, तर अलर्ट नंदिनीकडे यायचा.

जानेवारीत सादिकभाईंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बावन्न वर्षांचा माणूस, दूरच्या मोरा गावाहून रोज यायचा आणि तरी सगळ्यांच्या आधी खुर्चीत दिसायचा. नंदिनीला हे काम त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं. यादीतून त्यांचं नाव काढायला ती दोनदा बसली आणि दोनदा तशीच उठली. नाव काढलं म्हणजे ते आता परत येणार नाहीत असं आपणच ठरवल्यासारखं होईल, असं तिला वाटायचं. आणि बिघडत काय होतं? दहा मिनिटांनी का होईना, अलर्ट तिच्याकडे येतच होता. तेवढा उशीर तिने पोटात घातला.

एप्रिलपासून लॅबचे अलर्ट एकदम कमी झाले. तिचे साहेब अभिराम खूश. सेटिंग अखेर जमलं म्हणून त्यांनी केक मागवला, आणि नंदिनीनेही तो खाल्ला. अलर्ट कमी का झाले, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. न मागता मिळालेली शांतता कोण तपासून बघतो?

मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी अकराला लॅबचा मुख्य सर्व्हर बंद पडला आणि दुपारी दोनपर्यंत ऑफिसात कुणाला पत्ताच नव्हता. ऑपरेशनसाठी थांबलेल्या पेशंटचे रिपोर्ट अडकले. लॅबवाल्यांचा फोन आला, तेव्हा नंदिनीने नोंदी उघडल्या. अकरा वाजून तीन मिनिटांनी सादिक मुकादम यांनी बटण दाबलेलं होतं. तिने मागचा महिना काढून पाहिला. प्रत्येक अलर्टसमोर तेच नाव. बारीकसारीक बिघाड आपले आपण सुटत गेले होते, म्हणून तोवर निभावलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोऱ्याला गेली. सादिकभाई खिडकीशी पलंगावर होते, डाव्या हाताशी मोबाइल. त्यांची बायको सफिया चहा ठेवायला वळली आणि तेवढ्यात मेसेज वाजला. सादिकभाईंचा डावा अंगठा थरथरत उठला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा हिरव्या बटणावर टेकला. मग त्यांनी नंदिनीकडे बघितलं. काम झाल्यावर ऑफिसात बघायचे अगदी तसं. नंदिनीला रडू आवरेना. पाणी प्यायच्या निमित्ताने ती आत गेली.

सफिया तिच्या मागोमाग आली. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"तीन महिने त्यांचा चांगला, डावा हात पन पडूनच होता, ताई," ती म्हणाली. "त्या मेसेजमुळे हलायला लागला. डॉक्टर बोलले, दुसरं काय करू नका, हेच चालू ठेवा."

बटण दाबू नका असं सांगायला नंदिनी आली होती; ते तिने सांगितलं नाही. चहा पिऊन ती परत फिरली.

ऑफिसात लॅबचं पत्र येऊन पडलं होतं. कामावर नसलेल्या माणसाला आमच्या सर्व्हरचं नावसुद्धा दिसता कामा नये, नाहीतर कंत्राट संपलं. अभिराम वाईट माणूस नव्हते. माझ्या हातात काही नाही मॅडम, एवढंच ते म्हणाले, आणि ते खरं होतं. संध्याकाळी पाचला तिने नाव काढलं. पण तिने आणखी एक केलं. अस्तित्वातच नसलेला एक खोटा सर्व्हर तयार केला, त्याला मनानेच नाव दिलं आणि त्याचे दिवसाला आठ अलर्ट फक्त सादिकभाईंना जातील असं लावून दिलं. कुणाचं नुकसान नाही, अंगठाही हलत राहील. घरी जाताना तिचा जीव भांड्यात पडला होता.

पहिल्या दिवशी एकदाही बटण दाबलं गेलं नाही. नेटवर्क नसेल, असं तिने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सफियाचा फोन आला.

"मेसेज येतात, ताई. ते वाचतात, पन दाबत नाय. काल फोन ढकलून दिला त्यांनी. तुमी काय बदललं का?"

नंदिनीने सगळं सांगितलं. लॅबचे बावीस सर्व्हर सादिकभाईंनी स्वतः बसवलेले. आजारपणाने त्यांची वाचा नेली होती, अक्कल नेली नव्हती. तेविसावा कुठून आला हे त्यांना पहिल्याच मेसेजला कळलं असणार. त्यांना मूर्ख समजण्याची चूक तिच्याकडून झाली होती, आणि ती कशी निस्तरायची हे तिला कळत नव्हतं.

सफिया हळूच म्हणाली, "मग त्यांना खरा मेसेज एकच पाठवाल का? दिवसाला एक. आमी कोनाला सांगनार नाय."

"नाही जमणार, भाभी," नंदिनी म्हणाली.

पलीकडे सफिया नवऱ्याला सांगत होती की ताई प्रयत्न करतायत, खरा मेसेज येईल उद्यापर्यंत.